प्रॉम्प्टरला ठाऊक नसलेलं वाक्य

रायपूरच्या पुरानी बस्तीतले बंडूभाऊ खडतकर मराठी मंडळाच्या नाटकात कधी प्रेक्षकांना दिसले नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही नाटक पार पडलं नाही. ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल टाकून बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट अडखळला की पुढचे शब्द हळूच सोडायचे. इथली आपली पोरं वर्षभर हिंदीत बोलणार आणि गणपतीत मराठी नाटक करणार, मग प्रॉम्प्टरला उसंत कुठली!

दुसऱ्यांच्या तोंडी शब्द देणाऱ्या या माणसानं स्वतःच्या आयुष्यात मात्र काहीच ठरवलं नव्हतं. वडील म्हणाले म्हणून रेल्वेच्या ऑफिसात चिकटले, मामांनी स्थळ आणलं म्हणून शारदाबाईंशी लग्न केलं. दोन्ही गोष्टी चांगल्या निघाल्या, हे नशीब. बिघडल्या असत्या तरी बोल लावायला माणसं होती, ही सोय वेगळीच.

यंदा ती सोय संपली. त्यांची मुलगी निधी रायपुरातच तेलीबांध्याच्या एका ऑफिसात कामाला होती. तिला बढती मिळाली, पण नागपूरला. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं, आणि ती रोज बापाच्या मागे लागे, "बाबा, आप बताओ ना, जाऊं क्या?" नागपूर काही साता समुद्रापलीकडे नाही, पण एकुलत्या पोरीचा बाप नकाशा बघत नसतो. 'जाऊ नको' असं अगदी ओठावर येई. मग वाटे, हे तिच्यासाठी सांगतोय की माझ्यासाठी? गेली आणि वाईट झालं तरी आपल्या माथी, राहिली आणि कुढली तरी आपल्या माथी. त्यांना घास जाईना.

त्यात यंदाचं नाटकही निधीनंच लिहिलं होतं, आणि मुख्य कामही तीच करणार होती. नाटकातल्या राज्यात प्रत्येकाच्या कानात सरकारचा आवाज बोलतो. काय खायचं, कोणाशी लग्न करायचं, कोणाला ओळख दाखवायची, सगळं तोच सांगतो. लोक सुखी असतात, कारण चूक कधी कोणाचीच नसते. शेवटी यंत्र बिघडतं, आवाज बंद पडतो आणि नायिका दोन दारांपुढे एकटी उरते. एका दाराआड नवा आवाज बसवून मिळतो. दुसऱ्याआड काय आहे, कोणालाच माहीत नाही. सरकारचा आवाज अर्थातच बंडूभाऊंचा, विंगेतून, माईकवर.

नायिका कोणत्या दारानं जाते, हे मात्र निधीनं लिहिलंच नव्हतं. "वहाँ खड़े होके जो लगेगा, वही करूंगी," ती म्हणे. दिग्दर्शक अच्युत कपाळावर हात मारून घेई. "अवं, त्या लाईटवाल्याले तरी सांग कोन्त्या दारावर लाईट मारायचा!" बंडूभाऊंची पंचाईत त्याहून मोठी. "लिवलंच नाई तं मी सांगू काय?" असं म्हणत ते शेवटचं पान उलटसुलट करून बघत.

प्रयोगाला हॉल भरला होता. आवाज बंद पडला, म्हणजे बंडूभाऊ गप्प झाले. निधी दारांपुढे आली आणि थांबली. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! बंडूभाऊंना मात्र तिची बोटं ओढणीत गुंतलेली दिसली. ती विंगेकडे सरकली आणि ओठ न हलवता कुजबुजली, "बाबा, क्या करूं?"

नाटक तर सगळं मराठीत होतं. पोर हिंदीत विचारतेय म्हणजे खरंच विचारतेय, आणि नुसत्या दारांबद्दल नाही, हे बापाला कळलं. जन्मभराची सवय अशी की नट अडला की शब्द द्यायचा. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"मले नाई माहीत, पोरी. तुयं तू ठरव."

माईक बंद करायचा राहून गेला होता. अख्ख्या राज्याला नाचवणाऱ्या सरकारनं अस्सल वऱ्हाडीत कबूल केलं की त्याला काही ठाऊक नाही! हशा उसळला. मंडळाचे अध्यक्ष नाना पहिल्या रांगेतून ओरडले, "वा रे सरकार! खरं बोललं एकदाचं!" बंडूभाऊंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. निधीलाही हसू फुटलं. तिनं ओढणी सोडली आणि ती माहीत नसलेल्या दाराकडे चालत गेली. लाईटवाला दुसऱ्याच दारावर लाईट मारून बसला होता, त्यामुळे ती अंधारातूनच बाहेर पडली.

मेकअप पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, मैं नागपूर जा रही हूं." मग खास त्यांच्यासाठी मराठीत म्हणाली, "मी ठरवलं. तुमी नाई."

"हव," बंडूभाऊ म्हणाले. छातीवरची धोंड उतरली होती. कितीतरी दिवसांनी त्यांना सपाटून भूक लागली.

घरी दोन भाकरी संपवून त्यांनी तिसरी मागितली, तेव्हा शारदाबाई चिडल्याच. "पोट्टी चालली अन् तुमी मजेत जेवून राहिले! तुमाले काई वाटते का नाई?"

"वाटते ना. लई वाटते." बंडूभाऊंनी डाव्या हातानं डोळे पुसले. "पन थे मायं आहे. तिच्या गयात काहून बांधू?"