ग्रहण सुटल्यावर भरलेली बरणी

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवाला सांगायचं तरी ओठ हलवावे लागतात, आणि आमच्या देवघराला लागूनच सासूबाईंची खोली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. तुम्ही समोर असता तर जमलं नसतं.

मी भित्री आहे. जन्माचीच. खानापूरकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची पोर, पाण्याला भ्यायची, म्हशीला भ्यायची, आणि लग्न होऊन आले ती बेळगावात टिळकवाडीला, वकिलाच्या घरात. वकिलाच्या घरात भित्र्या माणसाचं काय होतं, सांगू? घरात काही फुटलं-सांडलं की हे शांतपणे विचारायचे — कधी झालं? कुणी पाहिलं? आणि मग आधी का बोलली नाहीस? कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. पण त्या तिसऱ्या प्रश्नानं माझी दातखीळ बसायची. त्याला उत्तर काय देणार? भ्याले म्हणून बोलले नाही, असं कुणी सांगतं का?

असो. सांगायचं आहे ते बॅटरीचं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमच्या भागात विजेचे दिवे येऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि पावसाळ्यात ते येण्यापेक्षा जायचेच जास्त. वारा सुटला की गेले. यांना रोज संध्याकाळी खटल्याचे कागद वाचायचे असायचे, कंदिलाच्या धुरानं डोळे चुरचुरायचे. म्हणून यांनी सर्व्हिस मोटारीची, म्हणजे उतारूंच्या गाडीची, एक मोठी बॅटरी घेतली, मागच्या पडवीत पाटावर ठेवली, आणि तिच्यावरून दोन खोल्यांत एकेक बारका दिवा ओढून घेतला. मोठा दिवा गेला की खटका दाबायचा, हा लागायचा. शेजारपाजारची माणसं बघायला यायची. हे सगळं जोडून देणारा माणूस म्हणजे मारुती मिस्त्री.

मारुती वडगावचा, विणकराच्या घरातला. बाप-भाऊ मागावर, आणि याला लहानपणापासून तारांचं वेड. त्यानं एक चिंचोळं दुकान घातलं होतं, तिथं तो बॅटऱ्या भरून द्यायचा. पंधरा दिवसांनी हातगाडी घेऊन यायचा, आमची बॅटरी न्यायचा, दुसऱ्या दिवशी परत आणून जोडायचा. वर्षभरात टिळकवाडीतली बरीच घरं त्यानं धरली होती. माणूस सरळ. मला वैनी म्हणायचा आणि माझ्याशी बोलताना बॅटरीकडंच बघायचा.

मधल्या दिवसांत बॅटरीची निगा माझ्याकडं होती. वर सहा बुचं. दर शनिवारी ती उघडायची, आतल्या पत्र्यांवर पाणी आहे का बघायचं, कमी असलं तर घालायचं. पण साधं पाणी नाही. मारुती आपल्या दुकानात पाणी उकळून, वाफ धरून, ती परत थंड करून पाणी करायचा. आम्ही त्याला वाफेचं पाणी म्हणायचो. त्याची एक मोठी काचेची बरणी पडवीत असे. त्यानं मला बजावलं होतं, "वैनी, हिरीचं पानी थेंबभर बी जाऊ द्यायचं न्हाय. पत्रं मरत्यात." आणि यांनी त्या बरणीवर कागदाची पट्टी चिकटवली होती. महिन्याच्या महिन्याला पाणी कुठवर आलं तिथं रेघ मारायचे. वकीलच ते.

आता ग्रहण.

त्या वर्षी वन्सं, म्हणजे माझी नणंद शांता, आमच्याकडंच होती. दिली होती निपाणीला, पहिलं बाळंतपण म्हणून लवकरच माहेरी आणलेली. तिला पाचवा महिना, आणि ग्रहण लागलं. सासूबाईंनी तिला एका जागी बसवलं — चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. ग्रहण सुटल्यावर घरातलं सगळं साठवलेलं पाणी ओतून नवं भरायचं, ही आमच्याकडची रीत. दुधात, लोणच्यात आधीच तुळशीचं पान टाकलेलं, त्याला दोष नाही. मी हंडे ओतले, घागरी ओतल्या, न्हाणीतलं घंगाळ ओतलं. सासूबाईंनी दारातून विचारलं, सगळं ओतलंस ना गं, गर्भारशी आहे घरात, थेंब राहिला तरी पोराला बाधतं.

आणि मला आठवलं. बरणी!

तिच्यात तुळस टाकली नव्हती. कशी टाकणार? काडीसुद्धा पडता कामा नये, हे मारुतीचं सांगणं. मी पडवीत त्या बरणीपुढं उभी राहिले. ओतावं तर हे विचारणार. ठेवावं तर वन्संच्या बाळाला काही झालं म्हणजे? तुम्ही हसाल. मीही आता हसले असते. पण तेव्हा मला खरंच वाटलं की त्या पोराचा जीव माझ्या हातात आहे.

मी ओतली. आणि मग त्या पट्टीकडं नजर गेली. रेघेपर्यंत पाणी हवं. नाही तर संध्याकाळी — कधी ओतलं? कुणी सांगितलं? मग आधी का विचारलं नाहीस? एकीकडं आईचं सोवळं, एकीकडं लेकाचा कायदा, आणि मधे मी. मी विहिरीवर गेले, ग्रहणानंतरचं पहिलं पाणी ओढलं आणि बरणी रेघेपर्यंत भरली. थेंब इकडं नाही की तिकडं नाही. मला ठाऊक होतं काय करते आहे ते. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पुढल्या शनिवारी ते पाणी मी बॅटरीत घातलं. मग दर शनिवारी. बरणीतलं कमी होत गेलं नाही तर पट्टी बोलली असती ना? वाटलं होतं, एकदा बरणी संपली की नवं येईल आणि मिटेल. पण बरणी मोठी होती. आणि बॅटरी हळूहळू बसायला लागली. पूर्वी दोन-दोन तास जळणारा दिवा तासात पिवळा पडायचा. मारुती काचेची नळी घालून आतलं पाणी बघायचा, डोकं खाजवायचा. एकदा मला म्हणाला, लवकर उतरतीया वैनी, का ते कळंना, बाळंतपणाच्या आधी खोलून बघतो. मी मान हलवली. तेव्हा सांगितलं असतं तर? पडवीत आम्ही दोघंच होतो. तो रागावणारा माणूस नव्हता. नवं पाणी आणून दिलं असतं, आणि यांना कळूही दिलं नसतं. हे मला तेव्हाही समजत होतं. तरी मी बरणीचं झाकण लावलं आणि आत गेले.

बॅटरी खोलायची ती राहिली. वन्संचे दिवस भरायच्या पंधरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या.

श्रावणातली झड लागलेली, दुपारचे चार, पण आभाळ इतकं भरलेलं की दिव्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत हाताला हात दिसेना. वारा लागू नये म्हणून तिथं खिडकीला फळ्या ठोकलेल्या. बोलावून आणलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल अडलंय, भूल देऊन चिमट्यानं काढावं लागेल. भुलीचं औषध पेट घेतं, तेव्हा कंदील-चिमणी काही आत आणायचं नाही. यांनी सांगितलं, काळजी करू नका, वीज गेली तरी बॅटरी आहे. किती विश्वासानं सांगितलं! मी गरम पाण्याचं भांडं घेऊन दाराशी होते. मनात एकच — आज वीज जाऊ देऊ नको, एवढा आजचा दिवस.

गेली. चिमटा लावलेला असताना गेली.

यांनी खटका दाबला. दिवा लागला. मला वाटलं, सुटले. मग तो पिवळा झाला, मग तांबडा, विझत्या विडीसारखा, आणि मग काहीच नाही. आत काळोख. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, उजेड, उजेड आणा कुणीतरी. हे कोयता घेऊन बाहेरून खिडकीच्या फळ्या उचकटायला धावले. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. मी मात्र भांडं धरून तशीच उभी राहिले. पाणी माझ्या पायांवर सांडत होतं, आणि खरं सांगू? त्या वेळीसुद्धा मला वन्संची भीती कमी वाटत होती. जास्त भीती होती ती आता बरणी कुणी बघेल याची. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

वन्सं वाचली. मुलगी झाली, तीही जगली. पण अंधारात चिमटा कुठंतरी कानाखाली दाबला गेला होता. पोरीच्या चेहऱ्याची डावी बाजू हलेना. रडली की तोंड एकाच बाजूला ओढलं जायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुधारेल. थोडं सुधारलं. पुरतं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि यांनी मारुतीला बोलावलं. त्यानं बॅटरी खोलली, पत्रे बघितले, आणि म्हणाला, साधं पाणी गेलंय हिच्यात. हे म्हणाले, पाणी तूच देतोस. तेव्हा त्यानं खिडकीच्या काचेचा तुकडा मागून घेतला. एका बाजूला स्वतःच्या बाटलीतला थेंब ठेवला, दुसऱ्या बाजूला आमच्या बरणीतला, आणि काच उन्हात ठेवली. बिचाऱ्याला वाटलं, आता खरं काय ते दिसेल. थेंब वाळले. त्याच्या थेंबाची खूणही राहिली नाही. आमच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं.

दिसलंच की खरं. पण यांनी पट्टी दाखवली. रेघा महिन्याच्या महिन्याला उतरत गेलेल्या, मधे कुणी भर घातल्याची खूण नाही. म्हणजे बरणी आली तीच विहिरीच्या पाण्याची. वाफेचं म्हणून आम्हाला विहिरीचं पाणी दिलंस, आणि त्यापायी माझी बहीण मरत होती, असं हे म्हणाले. मारुतीचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडं वळला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

"वैनी, बरणीला तुमचाच हात असतोय. दुसरं पानी पडलंय काय तिच्यात? तुमी सांगा."

सगळे माझ्याकडं बघत होते. हे, सासूबाई, तो. वन्सं आत पोरीला थोपटत होती, तिलाही ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "नाही. तुम्ही दिलं तेच आहे."

स्वच्छ म्हणाले. अडखळलेसुद्धा नाही. एरवी साखर किती आणायची हे सांगताना माझी जीभ अडखळते.

तो बघत राहिला. त्याला कळलं. मला दिसलं त्याला कळलेलं. एक शब्द त्यानं उच्चारला असता तर मी तिथंच कोसळले असते, आणि बहुतेक बोलूनही गेले असते. त्यानं काच खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "वैनी म्हणत्यात, तर तसंच असंल."

का म्हणाला असं? मला वाचवायला? की वकिलाच्या बायकोपुढं आपलं कोण ऐकणार, म्हणून? मला आजही माहीत नाही.

यांनी टिळकवाडीत घरोघर सांगितलं, अगदी कर्तव्य म्हणून. यांचा शब्द म्हणजे निकाल. एकेका घरानं त्याला बंद केलं. दिवाळीपर्यंत दुकानाला कुलूप लागलं. वडगावला भावांनी मागावर बसवलं म्हणे, पण तारांत गेलेले हात, ते काम त्याला येईना, मग तो गाव सोडून गेला. हे मला भाजीवालीनं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि मेथीची जुडी निवडून घेतली.

यानंतर भीती जायला हवी होती ना? उलटी वाढली. रोज वाटायचं, आज तो येईल. दाराची कडी वाजली की जीव मुठीत. तो आला नाही कधीच.

मला तो दिसला सात वर्षांनी, निपाणीत. वन्संकडं गेले होते, तिच्या पोरीला, कुसुमला, घेऊन बाजारात निघाले होते. तंबाखूच्या वखारीपुढं माणसं गाडीवर बोद, तंबाखूचे मोठाले गठ्ठे, चढवत होती. त्यातला एक थांबला. खांदे वाकलेले, भुवयांपर्यंत तंबाखूची धूळ. ओळखलं मी. त्यानंही ओळखलं. मी पोरीचा हात घट्ट धरला. आता बोलेल, भर बाजारात बोलेल.

तो जवळ आला आणि म्हणाला, "बऱ्या हायसा न्हवं वैनी? ही वन्संची व्हय?" मग पोरीपुढं उकिडवा बसला, तिच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, तोंडाला काय झालं गं बाळ?

कुसुमला हे सगळेच विचारत. तिला उत्तर पाठ होतं. ती म्हणाली, "बेळगावात एक लबाड बॅटरीवाला होता. त्यानं फसवलं म्हणून झालं. आई सांगते."

त्यानं मान वर केली नाही. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"व्हय गं बाळ," तो म्हणाला. "चुकलं त्याचं."

मी तिथंच उभी होते, हातभर अंतरावर. पोरीला ओढलं आणि म्हणाले, चल, उशीर होतोय.