वाळू द्या, मग सांगतो

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, रंगारी. हट्टी असे की विचारू नका. डब्यावरचा नंबर त्यांनी आयुष्यात वाचला नाही. गिऱ्हाइकाने पडद्याची चिंधी आणली की पांढऱ्यात जरासा काळा, चिमूटभर पिवळा घालून काठीने ढवळायचे आणि हुबेहूब तोच रंग काढायचे. मी तीस वर्षं त्यांच्या हाताखाली. भिंत घासायची, भेगांत लांबी भरायची, पहिला हात मारायचा, एवढंच माझं काम. रंग कालवण्यात मी कधी नाक खुपसलं नाही.

परवा एका शिक्षिकाबाईंच्या खोलीत त्यांनी भिंतीवर दोन राखाडी पट्टे ओढले. बाईंनी विचारलं, "यातला कोणता बरा दिसेल?"

"वाळू द्या, मग सांगतो."

वाळले. मग म्हणाले, दुपारच्या उजेडात बघू. दुपार झाली. मग खिडकी उघडा, मग बंद करा.

"अहो, भिंत रंगवायचीय, तिचं लग्न नाही लावायचं," बाई म्हणाल्या.

मी हसलो आणि पट्ट्यांकडे पुन्हा पाहिलं. एक पट्टा सरळसरळ निळसर होता, दुसरा मातकट. कुणालाही कळलं असतं.

शेवटी दाजी म्हणाले, "दोन्ही एकच आहेत, बाई. उगाच डोक्याला ताप." बाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि त्या आत गेल्या.

"खरं सांग," दाजी हळूच म्हणाले, "वेगळे आहेत का?"

रंगाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. खोटं बोलावंसं फार वाटलं. आमची दोन्ही घरं त्या डोळ्यांवर चालत होती.

"वेगळे आहेत, दाजी. बरेच."

ते लांबीच्या डब्यावर बसले. "डॉक्टर म्हणाला, चष्म्याने भागणार नाही. आहे तेवढं टिकलं तरी खूप. तुझ्या ताईला बोलू नकोस." मग त्यांनी ढवळायची काठी माझ्या हातात दिली. "इथून पुढे तू कालव. मी भिंती घासतो. जा, बाईंना रंग सांग."

मी पट्ट्यांसमोर जाऊन उभा राहिलो. फार भीती वाटली. निळसर कुठला, मातकट कुठला, झोपेतही सांगितलं असतं. पण त्यातला बरा कोणता, हे मला तीस वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. ते दाजींना कळायचं.