गणिताच्या सरांची मुलगी

आमच्या गावातल्या हायस्कुलात गणित शिकवणारे सर म्हणजे माझे बाबा. मी पाचवीत त्या शाळेत जाऊ लागले तेव्हा आईने बजावलं होतं, "शाळेत बाबा म्हणू नको, सर म्हण." मी मान हलवली, पण ते मला जमेना. घरी बाबा मालवणी बोलायचे. "गो, हंय ये, पेज जेव," म्हणणारा माणूस वर्गात शिरला की "मुलांनो, वह्या काढा" म्हणायचा. आवाज वेगळा, उभं राहणंही वेगळं. माझ्या लेखी ती दोन निरनिराळी माणसं होती आणि त्यांतल्या एकाची मला भीती वाटायची. पहिल्याच आठवड्यात मी हात वर करून विचारलं, "बाबा, पाणी पिवक जाव?" सगळा वर्ग हसला. सरांनी तोंड फळ्याकडे फिरवलं. त्यांचे लाल झालेले कान मला मागून दिसत होते.

लिहिलेला आकडा मला ओळखता यायचा, बोललेला मात्र हातून निसटायचा. सर "त्रेपन्न" म्हणाले की आधी तीन ऐकू यायचे, म्हणून मी आधी तीन लिहायचे आणि मग पाच. "एकोणसाठ" म्हणाले की पेन्सिल साठाच्या सहावर जाऊन अडायची आणि त्यातून एक कमी करायचा राहून जायचा. तोवर सर पुढच्या ओळीला पोचलेले असायचे. वर पंखा खडखडायचा, खडूची किरकिर थेट दातांत शिरायची, आणि या सगळ्यातून सरांचा आवाज वेचून काढता काढता मी थकून जायचे. इतर मुलांना पंखा ऐकूच येत नसावा हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच ऐकू येतो, फक्त ती शहाणी आहेत.

आठवीत असताना सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. त्यांनी गणित वाचलं, "वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. समजा, मुलीचे वय क्ष वर्षे आहे." मी खडू हातात घेऊन उभी राहिले. समजा म्हणजे काय समजायचं? माझं वय मला ठाऊक होतं, त्यांचंही ठाऊक होतं. मी मनातल्या मनात कसंबसं जुळवून पाहिलं आणि म्हणाले, "पण तुमचं वय तिप्पट नाहीये."

मी चेष्टा करत नव्हते. गणितात चूक आहे असंच मला वाटलं होतं. पण वर्गात जो हशा पिकला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार. सर म्हणाले, "बाहेर उभी राहा." मी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिले. शिपाई घंटेकडे जाता जाता थबकून म्हणाले, "सरांनी स्वतःच्या चेडवाकच भायर काढल्यानी?" मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

त्या दिवसानंतर बाबांनी मला वर्गात काही विचारलं नाही. प्रश्न बाकाबाकाने पुढे सरकत यायचा, माझ्या शेजारणीपर्यंत यायचा आणि मला ओलांडून मागच्या बाकावर जायचा. मुलांच्याही ते अंगवळणी पडलं. शेजारणीने उत्तर दिलं की मागची मुलगी आपणहून उभी राहायची. बाहेर उभं राहण्यापेक्षा हे वाईट होतं. माझी पाळी जवळ आली की माझे तळहात घामेजायचे आणि पाळी टळली की सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला जास्त शरम वाटायची.

संध्याकाळी आमच्या पडवीत मुलं शिकवणीला यायची. मी आत आईला नारळ खवून द्यायचे आणि बाहेरून बाबांचं "शाब्बास!" ऐकू यायचं. त्या मुलांत माझ्या खालच्या वर्गातला एक फार हुशार होता. बाबा गणित वाचून संपवायच्या आत तो उत्तर सांगायचा. त्याला "शाब्बास" म्हणताना बाबांचा आवाज ना सरांचा असायचा ना घरातला. तो तिसराच आवाज होता, आणि तो मला उद्देशून कधीच निघाला नाही.

दहावीचा निकाल लागला आणि मी गणितात नापास झाले. त्याच संध्याकाळी पास झालेली मुलं सरांच्या पाया पडायला पेढे घेऊन आमच्या घरी आली. दार मीच उघडलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देत एका मुलीने विचारलं, "तुका किती मिळाले?" मी म्हटलं, "गणितात नापास." ती गडबडून आत निघून गेली. मी पेढे ताटलीत काढून सगळ्यांना दिले. बाबांनी त्यांच्या वाटणीचा पेढा हातात घेतला, पण मी तिथे असेपर्यंत खाल्ला नाही. पुढच्या परीक्षेतही मी नापास झाले. तिसऱ्या खेपेला जेमतेम सुटले.

पुढे मी वेंगुर्ल्याजवळच्या एका रोपवाटिकेत आंब्याकाजूची कलमं बांधायचं काम धरलं. तिथे बोलणं कमी, सावली भरपूर. पण एकदा शेजारी झाडं तोडायचं मशीन दिवसभर चाललं आणि मी कान दाबून रोपांच्या ओळीत बसले ती उठलेच नाही. मालकीणबाईंनी मला कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोव्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या पुष्कळ वेळा, पुष्कळ वेळ बोलल्या. मग त्यांनी सांगितलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासूनच.

मी घरी येऊन सांगितलं. आई रडली. बाबा बराच वेळ मोबाइलमध्ये वाचत बसले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पण अशी मुला गणितात हुशार असतत, असा लिवलेला आसा."

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. ते खरोखरच कोड्यात पडले होते. पण मला पुन्हा त्या व्हरांड्यात उभं केल्यासारखं झालं. निदान या एका प्रकारात तरी मी नेमात बसायला हवी होते, तिथेही मी नापासच.

या मे महिन्यात बाबा निवृत्त झाले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या सभागृहात सत्कार ठेवला होता. सूत्रसंचालन करत होता तोच, पडवीतला हुशार मुलगा. आता तो पुण्यात इंजिनियर आहे. लाऊडस्पीकर कर्कश होता, मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. बाबांना शाल-श्रीफळ दिल्यावर त्याने आईला आणि मलाही वर बोलावलं आणि माइकवर म्हणाला, "सरांचा वारसा घरातही चालू आहे बरं का! सर मला फोनवर सांगत होते, त्यांची मुलगीसुद्धा गणित घेऊनच पदवीधर झाली." टाळ्या वाजल्या. त्याने माइक माझ्यापुढे धरला. "ताई, दोन शब्द?"

मी म्हणाले, "नाही. मी गणितात दोनदा नापास झाले होते. मी कलमं बांधते."

काही लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. मग ते हसायचे थांबले. मी बाबांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या नारळाकडे बघत होते आणि त्याची शेंडी बोटाने नीट करत होते. तेव्हा कुठे मला उमगलं की मी काय केलं. वाक्य खरं होतं आणि ते उच्चारायची ती जागा नव्हती, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र येतात त्या नेहमी उशिरा.

घरी आल्यावर आई म्हणाली, "जरा गप रवलं असतंस तर काय बिघडला असता?" पुढचे काही दिवस बाबा माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलले.

मग एका सकाळी मी पडवीत रातांबे फोडत बसले होते, आमसुलांसाठी. बाबा येऊन समोर बसले आणि त्यांनीही एक रातांबा उचलला.

"तुका खराच कळना नाय होता?" त्यांनी विचारलं. "माका वाटायचा, मुद्दाम करतंस. मास्तराचा चेडू ना, म्हणान."

"खराच," मी म्हटलं. आणि मग मी त्यांना पंख्याचं सांगितलं, खडूचं सांगितलं, त्रेपन्नातल्या आधी ऐकू येणाऱ्या तिनाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. हातातला रातांबा त्यांनी फोडलाच नाही.

"मी त्या पोराक खोटा सांगलंय," ते शेवटी म्हणाले. "तुझी लाज वाटान नाय. माझी वाटान. आख्ख्या गावाच्या पोरांका शिकवलंय आणि घरातल्या एकाक नाय जमला."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. तसं झालं नाही. इतकी वर्षं मी समजत होते की ही शरम माझी एकटीची आहे, ती सोसणारी मी एकटीच. त्यांनी ती तेवढीच वर्षं बाळगली होती, आणि ती माझ्यामुळेच होती. मी मान खाली घालून बिया वेगळ्या करत राहिले.

"आता शिकवू तुका?" बाबांनी विचारलं. "सावकाश. पंखो बंद करून."

आवाज घरातलाच होता. तरीही माझे तळहात ओले झाले.

"नको, बाबा," मी म्हटलं.

"बरा," ते म्हणाले आणि त्यांनी तो रातांबा फोडला. त्यांना नीट फोडता येत नव्हता, रस त्यांच्या पांढऱ्या बनियनवर उडाला. आतून आई ओरडली, तो डाग आता जन्मात जायचा नाही म्हणून. बाबांनी दुसरा रातांबा घेतला.