केसाएवढी शिरोरेघ

माझ्या लग्नाची पत्रिका मराठीत निघेल आणि तीही माझ्याच अक्षरात, असं मी अप्पांना सुनावलं तेव्हा मला सतरावं लागलं होतं. अक्कल यायची होती. अप्पा गुलबर्ग्याच्या कचेरीत पेशकार. निजामाचा अंमल, कचेरीतल्या लोकांच्या पत्रिका उर्दूत निघायच्या, त्यातच मान. अप्पा म्हणाले, "एकदाच छापू. बिघडली तर उर्दूत निघंल, अन् तू गप बसायचं."

आता माझा शहाणपणा ऐका. बांगड्या गुंडाळून आलेल्या विलायती कागदावर मी इंग्रजी अक्षरं पाहिली होती. उभे दांडे खांबासारखे जाड, आडव्या रेघा केसाएवढ्या, आणि पायांत नाजूक चपला. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण मी बाई भाळले. मराठीलाही तसंच नटवलं: काना जाड, शिरोरेघ केसाएवढी.

तेव्हा चिकट शाईनं कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरायचं आणि दगडावरून छपाई. छापखान्यातल्या म्हाताऱ्या कातिबांनी माझा कागद उजेडाला धरला. "बेटी, ये बाल की लकीर पत्थर पो नइं टिकती. मोटी कर."

"न्हाई," मी म्हणाले. चाळीस वर्षं दगडासाठी अक्षर लिहिणाऱ्या कातिबाला मी शिकवत होते.

छापून आलं. काने उभे, शिरोरेघा गायब. अप्पांनी गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. "अक्षरांच्या टोप्या कुठं गेल्या? कातिबाकडं जातो मी, उर्दूत लिहून घ्यायला."

"संध्याकाळपर्यंत थांबा."

पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावायला कुंकवाची वाटी तयारच होती. डिंकाच्या पाण्यात कुंकू कालवलं, बोरू तासला, पट्टी घेतली आणि एकेका पत्रिकेवर ओळीमागून ओळ शिरोरेघ ओढत बसले. आई म्हणाली, "मान मोडून घिऊन बोहल्यावर चढणार हायस काय?" जरा जाड ओढली असती तर लवकर तरी उरकलं असतं. पण छे. तीही केसाएवढीच.

संध्याकाळी अप्पांनी एक पत्रिका लांब धरली, मग जवळ. आणि देवापुढं नेऊन ठेवली.

लग्नानंतर अफजलपूरला सासूबाईंनी ती पत्रिका काढली. "ह्या लाल रेघा कामून गं? छापखान्याला जमंना काय?"

"त्यांच्या दगडाला जमंना," मी म्हणाले. "मला जमलं."

नवी सून होते मी, डोक्यावर पदर होता. तरी खाली पाहिलं नाही.