माझी जहाज

सुएझच्या कालव्याची रोजची काळजी वाहणारी जी मोजकी माणसं जगात आहेत, त्यांतलं सर्वांत ज्येष्ठ माणूस लंडनच्या स्टॅनमोरमध्ये राहतं. इजिप्तच्या सरकारला याची कल्पना नाही. माझ्या बायकोच्या मावशीचे हे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. समुद्राशी त्यांचा संबंध म्हणाल, तर थेम्सवरच्या फेरीबोटीतही त्यांना मळमळतं. आयुष्यभर त्यांनी हॅरोत दातांचा दवाखाना चालवला आणि कॅनॉल केले ते रूट कॅनॉल. "तत्त्व एकच हो, जावईबापू," ते म्हणतात, "अरुंद जागा, आत सूज, आणि कळ भलतीकडेच." जन्मभर ते ज्यांच्याशी बोलले त्यांच्या तोंडात अवजारं होती. त्यामुळे प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची सवय त्यांना लागलीच नाही.

या काळजीचं कारण त्यांची लेक सई. ती इथेच जन्मली, इथेच शिकली आणि वडिलांचा दवाखाना चालवायचा सोडून कंटेनर जहाजावर थर्ड ऑफिसर झाली. तिचं मराठी प्रेमळ आहे, पण लिंग-वचनाच्या बाबतीत उदार आहे. इंग्रजीत जहाज स्त्री असतं, म्हणून ती फोनवर "माझी जहाज सिंगापूरला आहे" असं सांगायची. की काका लगेच, "माझं जहाज. ते जहाज." "तेच म्हणतेय ना बाबा, माझी जहाज." मुलगी भर समुद्रात असताना तिचं व्याकरण तेवढं आपल्या हातात आहे, अशा निष्ठेने ते ती चूक दुरुस्त करत.

फोनवर एका ॲपमध्ये सईचं जहाज हिरव्या ठिपक्यासारखं दिसतं. तो ठिपका काका जेवताना पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात आणि वरणभाताबरोबर इतिहास वाढतात. कालव्याच्या उद्घाटनाला युरोपातले राजेराण्या कशा नटून आल्या, मग इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, आपले शेअर इंग्रजांना विकून कसा घात केला, छप्पन साली इंग्रज कालवा परत घ्यायला कसे ऐटीत गेले आणि कसे मुकाट्याने परतले, हे सगळं ते शेजारच्या घराच्या भानगडीसारखं सांगतात. खेदिवावर तर त्यांचा वैयक्तिक राग आहे. पनामाही त्यांच्याच गळ्यात. तिथे प्रत्येक जहाजामागे तळ्याचं गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं. म्हणून तिकडे पाऊस लांबला की माझ्या बायकोला इथे नळ सोडून भांडी विसळायची चोरी. "काका, सई पनामाला जात नाही," ती एकदा म्हणाली. "बदली झाली तर?" काका म्हणाले आणि नळ बंद केला.

लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागल्यापासून सईची कंपनी आफ्रिकेला वळसा घालत होती, आणि काका त्यातल्या त्यात सुखी होते. पाडव्याच्या सुमाराला कंपनीने पुन्हा सुएझमार्गे जायचं ठरवलं. हाउन्सलोच्या हॉलमध्ये पाडव्याचं जेवण होतं. आमच्या शेजारी सिटीत फंड सांभाळणारे एक गृहस्थ बसले होते. श्रीखंड चाटत ते म्हणाले, "टू बी ऑनेस्ट, या रेड सीच्या टेन्शनमुळे शिपिंगवाल्यांचं भलंच झालं. रेट्स काय वाढले! अजून थोडं चाललं पाहिजे." काकांनी पान बाजूला सारलं. "आ करा," ते म्हणाले. आवाज इतका सरकारी होता की गृहस्थांनी आ केला. काकांनी मोबाइलचा उजेड आत टाकला, बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अजून थोडं चालेल. मग काढावी लागेल." गृहस्थांनी नंतर श्रीखंडाला हात लावला नाही.

चार दिवसांनी ठिपका गेला. धोक्याच्या टापूत जहाजं आपला ठावठिकाणा बंद करतात, घरच्यांशी बोलणंही थांबतं, हे सईने आधीच सांगून ठेवलं होतं. ते आम्हाला माहीत होतं, काकांना तर पाठ होतं. पण पाठ असण्याचा उपयोग होईना. मावशींनी मला बोलावून घेतलं. "ह्यांच्या पोटात नुसती कालवाकालव चाललीय. तू बैस जरा." मी बसलो. त्या दोन दिवसांत काकांनी खेदिवाचं नावसुद्धा काढलं नाही. सारखे चष्मा पुसत होते. मावशी पोळ्या करत होत्या, कुणी खात नव्हतं, म्हणून आणखी करत होत्या. मी हवापाण्याचं काहीतरी बोललो, तर काका म्हणाले, "ती लहानपणी टबमध्येसुद्धा घाबरायची हो." एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठिपका उगवला, पार वर, सुएझच्या तोंडाशी. ज्या कालव्याला इतकी वर्षं नावं ठेवली, त्यात तो शिरताना पाहून काकांनी फोनला हात जोडले. तेवढ्यात तोच फोन वाजला. "बाबा, माझी जहाज आली कॅनॉलमध्ये! मी ठीक आहे. तू जेवलास का?"

मी वाट पाहत होतो. मावशींनीही पोळपाटावरून मान वर केली.

"आली ना तुझी जहाज," काका म्हणाले. "मग झालं."

पंधरवड्यात जहाज इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदराला लागलं आणि सई रजेवर घरी आली. जेवताना काकांनी घसा साफ केला. "ज्याच्यासाठी सम्राट आले, लढाया झाल्या, आणि आता देशोदेशींची आरमारं पहाऱ्याला उभी आहेत, असं काय होतं ग तुझ्या जहाजात?" आणि मी पाहत असताना ते उत्तरासाठी थांबले.

"आम्हाला सगळं नाही सांगत, बाबा. पण मोस्टली गार्डन फर्निचर. तो प्लास्टिकचा खुर्ची असतो ना, पांढरा?"

सई पुन्हा समुद्रावर गेली आहे. काकांनी त्याच खेपेतल्या असणार म्हणून चार खुर्च्या आणल्या. संध्याकाळी मागच्या बागेत त्यांतल्या एकीवर ते ठिपका घेऊन बसतात. तिचा एक पाय आखूड आहे.