भैरोबाच्या माळावरून मिस कॉल

त्या वर्षी माझा देवावर विश्वास उरला होता की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच आईला कॅन्सर निघाला. कोल्हापुरात केमो घ्यायचा आणि शाहूवाडीतल्या आमच्या गावी परतायचं, असं चाललं होतं. या दिवसांत ताप आला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वॉर्डात सिस्टर दोघीच. त्यांनी सलाईन बदलायचं, की घरी गेलेल्या पेशंटांचे फोन घ्यायचे? म्हणून मोठ्या सिस्टरांनी युक्ती काढली होती. रोज सकाळी ताप मोजायचा. नसेल तर एक मिस कॉल, असेल तर दोन. दोन आले की त्या स्वतः फोन करायच्या. आमच्या गावात रेंज फक्त भैरोबाच्या माळावर. मी रोज चढायचे ती रेंजसाठी; देवळात मात्र जात नव्हते.

एका सकाळी थर्मामीटर हातात घेतला, तर आई म्हणाली, "बरं हाय की! रोज काय मोजतीस? जा, कळवून ये." मी तशीच गेले आणि एक मिस कॉल दिला. उतरायला वळले, तोच फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या.

"सिस्टर, मी एकच दिला होता..."

"व्हय गं. आज सगळ्यांचाच एकेक आला. वॉर्ड शांत हाय, म्हटलं आईची खुशाली तरी विचारावी. ताप किती भरला?"

"आई बरं आहे म्हणाली."

"आईला विचारलंस? अगं, आपल्याकडची बाई सरणावरनंबी बरं हाय म्हणंल! पळ, थर्मामीटर लाव."

पारा एकशे दोनच्या वर गेला होता. दुधाच्या गाडीत बसवून आईला कोल्हापूरला नेलं. वाटेत रेंज येताच मी कळवलं होतं; सिस्टर सलाईन तयार ठेवूनच वाट पाहत होत्या. आई वाचली. राहिलेले केमोही पार पडले.

मग एक दिवस आई स्वतःच्या पायांनी माळ चढली. मीही तिच्यामागून गाभाऱ्यापाशी गेले. ती मोठ्यानं सांगू लागली, "देवा, गुडघं दुखत्यात, तोंडाला चव न्हाय, रात्रीची झोप न्हाय..."

गुरव हसले. "मावशी, दमानं!"

"दमानं का म्हणून? सांगितल्याबिगर त्याला तरी कसं कळायचं?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. आपलं दुखणं न लपवता कुणाच्या तरी हाती सोपवणं, शरण जाणं कदाचित एवढंच असावं. त्या सकाळी एवढ्या पेशंटांतून सिस्टरांना आम्हालाच फोन करावासा का वाटला, हे मी कधी विचारलं नाही. भैरोबापुढे हात जोडते, तेव्हा त्यांनाही जोडते.