पिशवी कणगीत आणि पाहुणा दारात

शिवाजी पेठेतल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर गाडी आली, तेव्हा वडील म्हणाले, “पोर्तुगीज शिकलीस आणि निघालीस आजऱ्याला! लिस्बनला जायचा रस्ता चुकला का गं?”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळं टोमण्यांचा मान माझाच. मी ऐटीत गाडीत बसले.

आत मातेउस होता. आजऱ्याच्या तात्यांनी काजू फोडायचं यंत्र ब्राझीलहून आणलं होतं. ते ऐन हंगामात अडलं, म्हणून कंपनीनं याला धाडला. मी दुभाषी, आयुष्यातलं पहिलं काम. पाहुणा समाधानानं गेला, तर पुढचंही काम मला, असा तात्यांचा निरोप होता.

वाटेत मी त्याला ‘फिकार’ विचारलं. वर्गात या क्रियापदाचा अर्थ ‘राहणं’ एवढाच शिकवलेला. हा गडी सुरूच झाला. पाहुणा मुक्कामाला थांबला, फिकार. माणूस लाजून लाल झाला, फिकार. गाव अमक्या नदीकाठी आहे, तरी फिकार. शेजाऱ्यानं छत्री नेली ती स्वतःलाच ठेवली, फिकारच! एक क्रियापद अख्ख्या देशाची धुणीभांडी करत होतं. गडहिंग्लज मागं पडलं, डोंगर जवळ आले, काजूची झाडं दिसू लागली. माझी वही भरली.

तात्या दारातच उभे होते. मातेउसला हात धरून खुर्चीत बसवलं. मग माझ्याकडं बघून, “आन् ही कोण?”

“दुभाषी.”

“बरं. बस त्या स्टुलावर.”

पदवीधर माणूस स्टुलावर बसला.

दुपारपर्यंत यंत्राच्या दोन पात्यांपैकी एक चालू झालं. मग जेवण: तांबडा रस्सा आणि घनसाळ (इथला वासाचा बारीक तांदूळ). वाढायला तात्यांच्या बायको, आक्का. मातेउसनं ताटावर हात आडवा धरला.

“आक्का, पुरे म्हणतोय,” मी म्हणाले.

“म्हणू दे की. पावण्यानं म्हणायचंच असतंय,” म्हणत आक्कांनी बोटांच्या फटीतनं भात वाढला.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, दुसरं पातं तुमचा फिटर बसवेल, चार वाजता मी गोव्याला निघतो. विमान उद्या रात्रीचं होतं, पण त्याला आधी समुद्र बघायचा होता. तात्या म्हणाले, “आजच्याला ऱ्हावा की.” तो नको म्हणाला. मी ‘नको’च सांगितलं.

चार वाजता त्याची पिशवी गायब. आत पासपोर्ट. त्याचा चेहरा पडला, आवाज चढला, फोन काढून पोलिसांचा नंबर विचारू लागला. तात्या मात्र सुपारी कातरत गालात हसत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं आवडता पाहुणा निघाला, की त्याची पिशवी लपवतात. हे ब्राझीलला कोण सांगणार?

“तात्या, पिशवी काढा.”

“तू बोलणं सांगायला आलीयास. न्याय करायला न्हाय.”

काम गेलंच, असं समजून मी म्हणाले, “तात्या, त्याला हे प्रेम न्हाय, चोरी वाटतीया. आणि आत्ता मलापण तसंच दिसतंय.”

आक्का उठल्या आणि कणगीत (धान्याची बांबूची उंच टोपली) कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली. “मीच ठेवलीती. दे बाई त्याला.”

मातेउसनं पासपोर्ट उघडला. पानातनं तांदळाचे दाणे गळले. मी रीत समजावली. तो ऐकत गेला, पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेला, थांबला, बंद पडलेल्या पात्याकडं बघितलं.

“फिकु,” म्हणाला. थांबतो.

मी घरी फोन करून मुक्काम कळवला. सकाळी दुसरं पातं चाललं आणि मातेउस गोव्याच्या गाडीत बसला. माझी एसटी यायची वेळ झाली, तर माझी पर्स सापडेना.

“आक्का!”

“व्हय की,” आक्का चुलीकडनं म्हणाल्या. “जेवल्याबिगर कुठं निघालीस?” तात्यांनी कालची खुर्ची पायानं माझ्याकडं सरकवली.

दुपारच्या एसटीनं परतले. घरी पर्स उलटी केली, तर फरशीवर मूठभर घनसाळ. वडील म्हणाले, “हे काय, पगार?”

वहीत ‘फिकार’चे अर्थ दीड पान झालेत. पण माझ्या हिशेबी खरा तोच, जो माणूस पिशवी हातात आल्यावर म्हणतो. माझी पर्स तर कणगीत होती, पण हातात असती तरी मी ‘फिकु’ म्हणाले असते.